पाच माश्या, वीस फ्रेमा

मी नागपुरात शाळेत चित्रकला शिकवते. आपल्या शहरात दिसणाऱ्या मधमाश्या आणि त्यांच्या नात्यातल्या मिळून पाच प्रकारच्या माश्यांचे लिनोकट ठसे (लिनो म्हणजे कोरता येणारी मऊसर जाड चादर; तिच्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर उमटवायचं) काढायचे, फ्रेम करायचे आणि लोक येता-जाता थांबतात अशा चार जागी लावायचे, एवढं काम. दोन-अडीच महिन्यांत होईल वाटलं होतं, सात महिने लागले. आपल्या गावी कुणाला हेच करायचं असेल तर माझे गेलेले दिवस आणि पैसे त्यांचे तरी वाचावेत म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवते आहे.

६ जानेवारी

सामान आणलं. लिनोचे वीस बाय तीस सेंटीमीटरचे तुकडे, कोरण्यांचा संच, एक रोलर, ऑफसेट छपाईची काळी शाई एक किलोचा डबा. ठसे काढण्याची खास शाई महाग पडते. छापखान्यात वापरतात ती ऑफसेटची शाई लिनोवर उत्तम चालते, फक्त वाळायला वेळ घेते.

संध्याकाळी कोरायला बसले आणि लिनो दगड झालेला. रात्रीचा पारा दहाच्या आसपास. कोरणी जोर लावल्याशिवाय सरकेना, जोर लावला की घसरे, आणि कडेचे कण तुटून येत. डाव्या अंगठ्याला कापलं. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा गच्चीवर पंधरा मिनिटं उन्हात ठेवला, लोण्यासारखा कापला गेला. रात्री काम करायचं तर खाली गरम पाण्याची पिशवी ठेवा. आणि ज्या हाताने लिनो धरला आहे तो हात नेहमी कोरणीच्या मागे ठेवा, पुढे कधीच नाही.

१५ जानेवारी

पहिला ठसा निघाला. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची गुबगुबीत माशी, मोबाइलवर सापडलेल्या फोटोवरून काढलेली. मला फार आवडली होती. भाची प्राणिशास्त्र शिकते, तिला दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, ही आपल्याकडची नाहीच. ही युरोपातली, पेटीत पाळतात ती. आणि हिला पंख दोनच का?"

मधमाशीला पंख चार असतात. पुढचा आणि मागचा पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकतात, म्हणून उडताना दोनच वाटतात. परागाची पिवळी गोळी मी मधल्या पायावर दाखवली होती, ती मागच्या पायावर असते. डोळे दोन काढले होते. खरे पाच: दोन मोठे आणि माथ्यावर तीन बारीक ठिपक्यांसारखे.

नऊ दिवस आणि लिनोचे दोन तुकडे गेले. पण त्याहून मोठी गोष्ट लक्षात आली. हे चित्र भिंतीवर लावून मी सांगणार काय होते? बघणाऱ्याने आपल्या गॅलरीतल्या माशीकडे वळून बघावं, असं त्यात काहीच नव्हतं. त्या दिवशी नियम केला: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच कोरायचं. हा नियम पुढे महाग पडला, तरी मोडला नाही.

३ फेब्रुवारी, काटोल

मामाच्या संत्र्याच्या बागेत अंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा) आला आहे. पहाटे झाडाखाली उभं राहिलं की त्या वासानेच डोकं जड होतं. सकाळी नऊनंतर ऊन चढलं तशा माश्या आल्या. पहिले दोन तास मला सगळ्या सारख्याच दिसल्या. मग एकेक वेगळी व्हायला लागली. आग्या सगळ्यांत मोठी, पोटाचा पुढचा भाग मधाच्या रंगाचा, मागचा गडद, पंख धुरकट. सातेरी तिच्या जवळपास निम्मी, पोटावर एकसारखे पट्टे. फुलोरी त्याहून लहान, पोटाच्या सुरुवातीला लालसर विटकरी आणि पुढे काळे-पांढरे पट्टे. एकदा तो विटकरी रंग डोळ्यात बसला की फुलोरी पुन्हा चुकत नाही.

पेन्सिलीने माशी काढण्याचा प्रयत्न सोडून द्या. ती एका फुलावर दोन-चार सेकंद थांबते. मी कागदाचे आठ भाग केले आणि प्रत्येक माशीचा एकच तुकडा टिपत गेले. एकीचा फक्त पाय, दुसरीचं फक्त डोकं. तीन सकाळींत पुरेसं जमलं.

मामाला विचारलं, फुलावर असताना फवारणी करता का? म्हणाला, "आपण नाही करत पोरी. पण शेजारचा करते ना, आन् माशीले काय धुरा कळते?" धुरा म्हणजे शेताचा बांध. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत लिहून ठेवलं.

१९ फेब्रुवारी

समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागलं आहे. आमच्या गच्चीवरून दुर्बिणीतून नीट दिसतं. एकच उघडं पोळं, हातभर रुंद, आणि त्यावर माश्यांची जिवंत चादर. आज एक गांधीलमाशी जवळ आली तेव्हा जे पाहिलं ते विसरणार नाही. एका टोकाच्या माश्यांनी पोटं झटक्यात वर उचलली, मग शेजारच्यांनी, मग त्यांच्या शेजारच्यांनी. अख्ख्या पोळ्यावरून लाट गेली, स्टेडियममध्ये प्रेक्षक उठतात तशी. पुन्हा, पुन्हा. गांधीलमाशी निघून गेली.

आग्याच्या ठशात एकटी माशी काढायचा विचार तिथेच सोडला. ही लाटच कोरायची. पण शेकडो माश्या कोरायच्या म्हणजे आधी लाटेचा आकार समजायला हवा. रोज सकाळी शाळेआधी वीस मिनिटं गच्चीवर, पोळ्याच्या वरच्या कडेपासून खाली येत, थोडं थोडं.

२ मार्च

हातकागद फसला. दिसायला सुंदर, खडबडीत, फ्रेममध्ये शोभेल म्हणून पंचवीस आणले, साठ रुपयांना एक. काळे मोठे भाग ठीक उमटतात, पण पंखांच्या शिरा त्या खडबडीत जागी तुटतात, आणि पंखाच्या शिरा तुटल्या की पंख फाटका दिसतो. कागद ओलसर करून पाहिला, थोडा फरक पडला, मग तो वाळताना वाकला. अठरा कागद वाया. शेवटी दोनशे जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) गुळगुळीत कार्ट्रिज कागद आणला, बावीस रुपयांना एक. पहिल्याच ठशात शिरा केसासारख्या आल्या. प्रेस नाही माझ्याकडे, स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासते. एका ठशाला वीस मिनिटं. खांदा दुखतो, दिवसाला सहापेक्षा जास्त काढू नका.

१३ मार्च

निळ्या पट्ट्यांची माशी. ही एकटी राहणारी, मातीत बीळ करणारी, अंगावर चमकदार निळसर पट्टे. दिवसा तिचं चित्र काढणं अशक्य, सुईसारखी सरकते. पण संध्याकाळी यांचे नर एखाद्या काडीला जबड्याने धरून रात्रभर तसेच लटकून झोपतात. सेमिनरी हिल्सच्या बाजूला एका वाळक्या काडीवर ओळीने पाच सापडले. टॉर्चच्या उजेडात अर्धा तास निवांत रेखाटन झालं.

छपाई मात्र बिघडली. दोन ठोकळे: आधी निळा, तो वाळल्यावर काळा. काळा दोन मिलिमीटर सरकला आणि पट्टे पोटाच्या बाहेर गेले. अकरा ठसे फुकट. अंदाजाने कागद ठेवणं बंद केलं. एमडीएफच्या फळीवर काटकोनात दोन पट्ट्या चिकटवल्या, लिनो त्या कोपऱ्यात घट्ट बसतो. फळीच्या वरच्या कडेला कागदासाठी आणखी दोन खुणेच्या पट्ट्या. दोन्ही रंगांना कागदाची तीच कड तिथे टेकवायची. एक संध्याकाळ लागली, आणि त्यानंतर एकही ठसा सरकला नाही. हे पहिल्या दिवशीच करा.

२५ मार्च

चित्राखाली काय लिहायचं यात आठवडा गेला.

पहिल्या मसुद्यात मी ते प्रसिद्ध वाक्य घातलं होतं: मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, खाली आइनस्टाइनचं नाव. ते त्यांनी म्हटल्याचा कुठलाही पुरावा नाही. शिवाय ते खरंही नाही. आपली ज्वारी, गहू, तांदूळ यांना मधमाशी लागत नाही. खरी गोष्ट वेगळी आणि पुरेशी गंभीर आहे. जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकांना कमी-अधिक प्रमाणात परागीकरण करणाऱ्या प्राण्यांची मदत होते, असं २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. म्हणजे पोट भरेल, पण ताट ओकंबोकं होईल: भोपळा, कारलं, दोडका, काकडी कमी. यांची नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी, मधे कुणीतरी ये-जा करावीच लागते.

"मधमाश्या वाचवा" हेही लिहिलं नाही. असं लिहिलेल्या पाट्यांवरून आपली नजर घसरते, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहते आहे. त्याऐवजी प्रत्येक चित्राखाली त्या माशीचं नाव, ती कुठे राहते आणि काय करते, एवढंच. निळ्या माशीखाली लिहिलं: "वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलातला पराग बारीक छिद्रांत अडकलेला असतो. ही माशी फुलाला धरून अंग थरथरवते तेव्हा तो झडतो. मध देणाऱ्या माश्यांना हे जमत नाही."

नावं लिनोतच कोरायची होती. अक्षरं उलटी कोरणं जमलं, पण शिरोरेषा तुटत राहिली. एवढी बारीक उभी कड चमच्याच्या दाबाखाली दुमडते. एक तुकडा वाया घालवून तो नाद सोडला. आता नाव पेन्सिलीने हाताने, आणि माहिती माउंटखाली (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) वेगळ्या पट्टीवर.

एक चूक भाचीनेच पुन्हा पकडली. सगळ्या माश्या कागद भरून काढल्या, त्यामुळे फुलोरी आणि भुंगा (लाकूड पोखरणारी मोठी काळी माशी, माझं पाचवं चित्र) एकाच मापाचे दिसतात. म्हणून प्रत्येक ठशाच्या उजव्या कोपऱ्यात खऱ्या मापाची काळी सावली कोरली. आग्या पावणेदोन-दोन सेंटीमीटर, सातेरी एक, फुलोरी त्याहून कमी. लोक नंतर सगळ्यांत आधी त्या सावलीकडेच वाकून बघतात असं दिसलं.

९ एप्रिल

सकाळी दुर्बीण घेऊन गेले तर टाकीखाली काळा डाग. खाली उतरून विचारलं. चौकीदार म्हणाला, "म्याडम, ते तं रात्रीच जाळलं. मशाल घेऊन आले होते."

आधीच्या आठवड्यात कुणीतरी त्या बाजूला फटाका लावला, माश्या उठल्या, दोन जणांना चावल्या. मग लोकांनी ठरवलं. आग्या धोकादायक आहे, हे मी नाकारत नाही. शाळेच्या खिडकीला असं मोहोळ लागलं तर मीही जाणकार माणसाला बोलावीन आणि मुलांना लांब ठेवीन. पण हे आठव्या मजल्यावर होतं, तिथे कुणी जात नव्हतं. आग्याच्या वसाहती मोसमाप्रमाणे जागा बदलतात. फुलोरा सरला की त्या पोळं रिकामं टाकून स्वतःहून निघून जातात. थोडे दिवस वाट बघायची होती. माणसाने एवढंही करू नये याचा मला राग येतो आणि तो इथे लिहिते आहे.

खाली जमिनीवर पंख जळलेल्या माश्या अजून चालत होत्या. सफाईवाल्या ताईंनी केरसुणी थांबवून धरली होती.

१४ एप्रिल

आग्याचा ठसा. वरचा अर्धा भाग माझ्याकडे आहे, खालचा मी पाहिलाच नव्हता. आठवून, अंदाजाने भरता आला असता. फोटोही मिळाले असते. पण नियम केला होता. खालचा भाग लिनोवर सपाट कापून टाकला. कागदावर तो कोरा येतो.

२६ एप्रिल

पारा त्रेचाळीसवर. जानेवारीच्या उलट त्रास. लिनो इतका मऊ की कोरणी हवी त्याहून खोल जाते, आणि शाई काचेवर वीस मिनिटांत ताणायला लागते. कूलरसमोर काम केलं तर कागद ओल धरून लांबतो आणि रंग पुन्हा सरकतात. हे कळायला चार ठसे गेले. उपाय एकच निघाला: पहाटे साडेचार ते आठ, कूलर बंद. शाईत अळशीच्या तेलाचे दोन-तीन थेंब, जास्त नको, नाहीतर कागदावर पिवळी कड उमटते. रोलर रॉकेलने पुसण्याऐवजी आधी गोडेतेलाने आणि मग साबणाने धुतला तर रबर टिकतं.

पाचही चित्रांचे बारा-बारा ठसे पूर्ण झाले.

७ मे

इतवारीत फ्रेमच्या दुकानात. बारा बाय अठरा इंचांची फ्रेम. पट्टी फुटावर मिळते, एका फ्रेमला सहा फूट धरतात, कारण कोपऱ्याच्या तिरक्या कापात थोडी जाते. पट्टी, काच, माउंट, मागची एमडीएफ मिळून ५१० रुपये. मी माउंट टाळून पैसे वाचवणार होते. दुकानदार भाऊ म्हणाले, "ताई, काच चित्राले टेकवू नका. पावसाळ्यात चिकटून जाते, मंग निंगत नाही." माउंट घेतला. तो फक्त शोभेचा नसतो, काच आणि कागदात हवा ठेवतो.

ठसे बघताना भुंग्याच्या चित्रावर ते थांबले. काळा, जाड, पंखांवर जांभळी झाक. "हा तं माही शिडी खाऊन राहिला दोन वर्षांपासून!" मागे बांबूची शिडी होती, त्यात बोट जाईल एवढं गोल, रेखीव भोक आणि खाली भुसा. मी सांगितलं, तो लाकूड खात नाही, अंडी घालायला आत खोल्या करतो, आणि तुमच्या घरच्या वांग्याला हाही उपयोगी पडतो. त्यांनी शिडी उचलून हलवून पाहिली, मग भिंतीशी परत ठेवली. म्हणाले, दुसरी शिडी आहे.

२० मे

जागतिक मधमाशी दिन. स्लोव्हेनियातल्या अँटोन यान्शा या मधपाळाच्या स्मरणार्थ हा दिवस ठरला, २०१८ पासून पाळतात. याच दिवशी लावायचं म्हणून मी जानेवारीपासून धावत होते. पण नागपुरात २० मेला रस्त्यावर कोण असतं? शाळा बंद, वाचनालयात दुपारी चार माणसं. फ्रेमा लावल्या, चहा प्यायलो, घरी आलो. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. तारीख त्याप्रमाणे धरली असती तर एप्रिलची घाई टळली असती.

३० जून

शाळेत लावल्या. काच चालणार नाही म्हणाले, मुलांच्या उंचीवर आहेत, आणि बरोबरच म्हणाले. पाच फ्रेमांना ॲक्रिलिक घातलं, प्रत्येकी २३० रुपये जादा. कोरड्या कापडाने पुसलं तर ओरखडे पडतात आणि धूळ उलट जास्त ओढली जाते. ओलसर मऊ कापड वापरा.

दिवसभरात सगळ्यांत जास्त प्रश्न आग्यावर आले. "म्याडम, खाली अर्धं का सुटलं?" मी काय झालं ते सांगते. सातवीतली एक मुलगी ऐकून वर्गात गेली आणि चार जणींना घेऊन परत आली.

१७ जुलै

पावसाने सहा फ्रेमा बिघडवल्या. चूक माझी. दुकानात घाई होती म्हणून काही ठसे मी घरीच माउंटला चारही बाजूंनी डिंकाने पक्के चिकटवले होते. दमट हवेत कागद पसरतो, त्याला पसरायला जागा नव्हती, मधे फुगे आले. कागद फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, पातळ कागदाच्या बिजागरीने आणि मैद्याच्या खळीने लटकवायचा, खालून मोकळा. पारदर्शक चिकटपट्टी तर कधीच नको, ती पिवळी पडते. सहा माउंट बदलले, ७२० रुपये.

दवाखान्यातली एक फ्रेम ओल येणाऱ्या भिंतीवर होती, मागच्या एमडीएफला बुरशी धरली होती. आता सगळ्या फ्रेमांच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून नमद्याच्या टिकल्या लावल्या, भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. मागची फट कागदी टेपने बंद केली, कसर आत शिरू नये म्हणून.

२८ जुलै

हिशेब. लिनोचे तेरा तुकडे २,३४० (त्यातले तीन वाया), कोरण्यांचा संच ६५० आणि नंतर घेतलेली एक चांगली कोरणी ९००, हातकागद १,५००, कार्ट्रिज शंभर कागद २,२००, काळी शाई ५२०, रंगीत तीन डबे ९००, रोलर ७००. फ्रेमा, ॲक्रिलिक आणि दुरुस्त्या मिळून १२,०७०. एकूण २१,७८०, म्हणजे एका फ्रेमला साधारण अकराशे. चुका टाळल्या तर नऊशेत बसेल. उरलेले ठसे विकून निम्मा खर्च निघाला.

आज दुपारी तळमजल्यावरच्या काकूंचा फोन आला. आमच्या लिफ्टशेजारी पाच फ्रेमा आहेत, त्यांतली फुलोरी त्यांच्या दारासमोरच येते. म्हणाल्या, बोगनवेलीत तळहाताएवढं पोळं आहे, लाल बुडाच्या बारीक माश्या आहेत, चित्रातलीच आहे ना बघून जा. मी म्हटलं, औषध मारणाऱ्याला बोलावलं का? म्हणाल्या, "आधी तुला विचारते आहे ना."

फुलोरीच होती. फांदीला वेढून बसलेलं एकच पोळं, वरचा भाग फांदीभोवती जाड झालेला. तिथे त्या नाचून एकमेकींना फुलांची दिशा सांगतात. माळ्याला सांगून ती फांदी छाटणीतून वगळली, लाल दोरा बांधून ठेवला. मी वही घेऊन गेले होते. पाऊस थांबला तेवढ्यात पोळ्याची वरची कड रेखाटून झाली.